गुरुवारी गेलेली वीज आणि माझी स्क्रिप्ट

अगं, ये अशी जवळ बस, आणि केलेल्या कामाची दुसरी प्रत ठेवत जा जरा. अगदी आईवर गेलीस! आज साबुदाण्याच्या खिचडीचा वास आला आणि बिबवेवाडीतला तो गुरुवार आठवला. मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून मी घरच्या कॉम्प्युटरवर लिनक्स, म्हणजे विंडोजसारखीच पण फुकट मिळणारी प्रणाली, बसवलं होतं आणि वाचून वाचून, चुकतमाकत छोट्या स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरकडून आपोआप कामं करून घेणाऱ्या सूचना, लिहायला शिकले होते. तुझी आई, म्हणजे माझी नणंद, त्यावरच प्रबंध टाइप करायची आणि वर नाक मुरडायची, “वहिनी, फुकट मिळालेल्या गोष्टीच्या भरवशावर माझी पीएचडी ठेवू?” दुसऱ्या दिवशी प्रबंध विद्यापीठात द्यायचा होता. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज घालवतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण बाईसाहेब गुरुवारच्या उपासाची खिचडी खात टाइप करत बसल्या आणि व्हायचं तेच झालं. संध्याकाळी वीज आली, पण फाइल उघडेचना. बिचारी पांढरीफटक पडली. मी म्हटलं, “सरक.” माझी एक स्क्रिप्ट थोड्या थोड्या वेळाने तिच्या फाइलची नवी प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवत होती. शेवटची प्रत उघडली, तर जेमतेम एक परिच्छेद गेला होता. डोळे पुसत ती म्हणाली, “वहिनी, ही स्क्रिप्ट माझ्या मैत्रिणींना देशील?” म्हटलं, “देईन की, पण फुकट आहे हो, चालेल ना त्यांना?” रडता रडता हसायला लागली. आता ती आठवण सांगायला तीच हवी होती बघ; लवकर घेऊन ये तिला माझ्याकडे, राहायलाच या दोघी.