बुधवारचा दिशाशूळ

चहा घ्या आधी. आणि हसायचं असेल तर माझ्यासमोर हसा, कारण पाठीमागं हसणारे पांढरकवड्यात आधीच मोप आहेत! मी एकटीनं परदेशी निघाले, त्या प्रवासाचा पहिला दिवस सांगते. पुढचे दिवस कुठं गेले, ते विचारू नका.

मी मुलींच्या शाळेत शिवण शिकवते. लग्न केलं नाही, त्यामुळे साऱ्या गावाला माझी काळजी. शाळेत मी शुद्ध बोलते, पण राग आला की शुद्धबिद्ध सगळं पळतं. आणि हा किस्सा सांगताना मला दर खेपेला राग येतोच, तेव्हा सांभाळून घ्या.

झालं असं, की काठमांडूपर्यंत आता मोटार जाते, असं मला कोणीतरी सांगितलं. पासपोर्ट नको, उतरायला धर्मशाळा, शिदोरी घरची. म्हणजे स्वस्तातला परदेश! मी जाहीर करून टाकलं, उन्हाळ्याच्या सुटीत नेपाळ. एकटी.

आमचे थोरले भाऊ, दादा, ओट्यावर बसून हसले.

"शांते, परदेशी जाऊन काय करतं वं? आमच्याकडं पाहा. मध्यप्रांतात जन्मलो, मुंबई राज्यात केस पिकले, आता महाराष्ट्रात म्हातारा होऊन राह्यलो. आन् ह्या ओट्यावरून उठलो नाही! बसून राह्य, परदेश आपल्यानं येते."

"मी जाणार म्हणजे जाणार."

"नागपूरच्या पुढं तू एकटी गेली नं, तं ही मिशी काढून टाकीन!"

आता दादांची मिशी काही साधी नव्हती. तिला रोज खोबरेल तेल लागायचं. वहिनी सांगते, लग्नात मांडवात आधी मिशी आली आणि मागून नवरदेव. अशी मिशी समोर ठेवल्यावर मला काय पाहिजे? नेपाळ राहिलं बाजूला, मला ती मिशी पाहिजे होती!

माझी सुटी बुधवारपासून. आईनं लगेच पंचांग उघडलं.

"बुधवारी उत्तरेले दिशाशूळ हाये. जायचं नाही."

"आई, नेपाळ उत्तरेलाच आहे. मी काय त्याला उचलून दुसरीकडं ठेवू?"

"मंग सोमवारी प्रस्थान ठेव."

प्रस्थान म्हणजे काय, ते आताच्या पोरींना ठाऊक नसेल. चांगल्या दिवशी थोडे तांदूळ आणि सुपारी फडक्यात बांधून, जायचं त्या दिशेच्या एखाद्या घरी नेऊन ठेवायची. प्रवास त्या दिवशीच सुरू झाला, असं धरतात. मग वाईट दिवशी का होईना, ते उचलायचं आणि चालू लागायचं. फक्त एकदा निघालं की परत घराचा उंबरठा ओलांडायचा नाही.

आता सांगा, तांदूळ-सुपारी ठेवली असती तर माझं काय बिघडलं असतं? पण नाही! मी शहाणी! म्हटलं, बुधवारी ओझं वाहायचंच आहे, तर सोमवारीच सगळं पोचवून मोकळी होते. लुगडी, स्वेटर, घोंगडी, दशम्या, आणि लुगड्याच्या काठात माझ्या हातानं शिवून टाकलेले वाटखर्चाचे सारे पैसे. हे एवढं गाठोडं झालं. वर सुपारी आईच्या समाधानासाठी.

आमच्या घराच्या उत्तरेला, नागपूर रोडवर, सत्तारभाई मिस्त्रींचं ट्रकदुरुस्तीचं दुकान. आदिलाबादकडून नवीनच आलेला माणूस. सांगितलेलं काम जीव टाकून करणारा. तोच तर घोटाळा झाला!

"ये क्या है, बाई?"

मला एक गोष्ट दोनदा सांगायची सवय नाही. वर्गातही नाही. "हे प्रस्थान. मी बुधवारी नेपाळला निघते. हे माझ्या आधी निघालं पाहिजे, मी मागून येते. समजलं?"

"समझ गया, बाई."

समजलं म्हटल्यावर मी कशाला पुन्हा विचारू? तुम्ही विचारलं असतं? नाही ना?

बुधवारी सकाळी घरासमोर ही गर्दी! मुलींनी गाणं म्हटलं. मुख्याध्यापिकाबाईंनी हार घातला, हातात नारळ दिला, आणि माझ्यामुळे तालुक्यातल्या साऱ्या बायकांची मान कशी उंच झाली, यावर इतकं बोलल्या की माझी मान हारानं खाजायला लागली. मग वरात निघाली. पुढं मी, रिकाम्या हातानं ऐटीत. मागं शाळा, आई, आणि मिशीला पीळ देत दादा.

"सत्तारभाई, गाठोडं आणा."

"गया न, बाई!"

"कुठं गेलं?"

"नेपाळ! आप बोले थे न, आधी निघालं पाहिजे. आज सकाळच्या पहिल्याच ट्रकमध्ये टाकलं. ड्रायवर माझा ओळखीचा. करंजीच्या पुढं कोणाच्या तरी हाती देईल, हातोहात पोचते!" आणि हा माणूस माझ्याकडं असा पाहतो, की आता मी त्यालाही हार घालणार.

बाप्पा! अंगावर हार, हातात नारळ, कमरेला दमडी नाही. खरं बोलावं, तर समोर मिशी उभी! मग मी काय केलं असेल? मी हसले. मोठ्यानं म्हणाले, "शाब्बास सत्तारभाई! अगदी ठरल्याप्रमाणं!"

मुलींनी टाळ्या वाजवल्या. मी सत्तारभाईच्या कानाशी लागून म्हणाले, "दुसरा ट्रक पाहा. आत्ता!"

मिळाला तो सरकीच्या पोत्यांचा. मी ड्रायवरशेजारी बसले, हात हलवला, आणि वळण येईपर्यंत हसत राहिले. वळण गेलं आणि मी ओरडले, "पळवा!"

"पळवतो कसा, बाई? ब्रेक ढिल्ला हाये. हळूच जा लागते."

काय सांगू! बैलगाड्या आम्हाला मागं टाकून गेल्या. एका गाडीवानानं तर मान वळवून मला नमस्कार केला. हार पाहून त्याला वाटलं असेल, कोणी निवडून आलं!

करंजीच्या फाट्यावर पोचलो. तिथून एक रस्ता वणीला फुटतो, एक नागपूरला जातो. फाट्यावरच्या हॉटेलवाल्यानं मला पाहिलं आणि झारा हातात घेऊनच बाहेर आला.

"नेपाळवाल्या बाई तुमीच का? या या! तुमचं गाठोडं गेलं न सुखरूप!"

"गेलं? कशात?"

"त्या ट्रकवाल्याले वणीले कोळसा भराले जायचं होतं. तेवढ्यात यात्रेकरूंची मोटार आलती, हैदराबादकडची. काशी करून पशुपतिनाथाले चालली म्हणे. मीच बोललो त्यायले, हे बी नेपाळचंच हाये, बाई मागून येऊन राह्यली. एका म्हातारीनं तं मांडीवर घेतलं. देवाच्या वाटेवरचं म्हणून!"

"कोणी सांगतलं होतं तुम्हाले मधात पडाले?" पाहा, गेलं माझं शुद्ध!

"कोणी कायले सांगते, बाई? चांगल्या कामाले सांगा लागते का?"

मी ड्रायवरला म्हटलं, मोटार गाठा. त्यानं ट्रक सुरू केला. ट्रकमधून वाफ निघाली आणि तो बंद पडला. कायमचा.

मग मी हॉटेलच्या बाकड्यावर बसले. ऊन असं, की हारातले झेंडू वाळून पापड झाले. भूक लागली. दशम्या काशीच्या वाटेला! शेवटी मुख्याध्यापिकाबाईंचा नारळ फोडला. तालुक्यातल्या बायकांची उंच झालेली मान खाली घालून मी खोबरं चावत बसले. परदेशच्या प्रवासातलं माझं हे पहिलं आणि शेवटचं जेवण.

दिवस कलताना हॉटेलवाल्यानं पांढरकवड्याकडची मोटार थांबवली, कंडक्टरला सगळं सांगितलं. कंडक्टरनं ते साऱ्या मोटारीला सांगितलं. माझ्या आधी गावात सगळंच पोचायचं, मग ही बातमी तरी मागं कशी राहील?

दादा ओट्यावरच होते.

"काहून वं शांते? नेपाळ लवकर संपलं?"

मी तशीच पायरी चढले, तर दारात आई आडवी! "थांब! उंबरठा ओलांडू नको. प्रस्थान निघालं हाये, तू वाटेवर हायेस!"

"आई, मी पांढरकवड्यात आहे!"

"मागच्या दारानं ये."

गोठ्याला वळसा घालून, शेणातून, मी परदेशातून घरी आले. न्हाणीत जाऊन दार लावलं आणि खरं सांगते, मनसोक्त रडले. पैशासाठी नाही. त्या टाळ्या वाजवणाऱ्या पोरींसाठी.

शाळा सुरू झाली. एका दुपारी सत्तारभाई धावतच वर्गाच्या दाराशी आले. "बाई! आ गया! आ गया!"

गाठोडं! यात्रेकरूंची मोटार परतताना त्यांच्या दुकानावर ठेवून गेली होती. गाठ तशीच, पैसे तसेच. वरून रुद्राक्षाची माळ, अंगारा, आणि म्हातारीचा निरोप: "धर्मशाळेत गाठोड्यासाठी जागा धरून ठेवली होती. देवाच्या पायरीला टेकवून आणलं. बाईची लय वाट पाहिली, बाई काही आल्या नाहीत."

आईनं गाठोड्याला ओवाळून घरात घेतलं. पुढच्या दारानं! शेजारणी दर्शनाला आल्या. दादांनी मिशी आवरून त्याच्यासमोर हात जोडले आणि म्हणाले, "एकटं गेलं, एकटं आलं. याच्यासाठी काढली असती मी मिशी. पण पैज शांतेची होती."

मी गप्प बसणारी आहे का? पुढच्या उन्हाळ्यात मी पुन्हा जाहीर केलं, "यंदा जाते. एकटी!" म्हटलं, आता हसतील. कोणी हसलं नाही. दादाही नाही. आईनं मात्र काळजीनं माझ्याकडं पाहिलं.

"एकटी कायले जाते वं?" ती म्हणाली. "गाठोडं संग ने. त्याले रस्ता माहीत हाये."