रिकाम्या टेबलावरचा पेशंट

मामाला फाडफाड इंग्रजी येतं, ही थाप मीच मारली. डबा द्यायला दवाखान्यात गेलो होतो, मोठे डॉक्टर समोर आले आणि माझी जीभ सैल सुटली. एक्स-रेचं नवं मशीन येणार होतं. पेशंटला इंग्रजीतूनही सूचना देईल तोच त्यावर राहणार, बाकीचे स्टोअरमध्ये. इतरांना महिनाभर शिकवणी मिळाली; मामाला येतंच म्हणून त्याला वगळलं. मामाची परीक्षा थेट परवावर आली.

"भाचेबुवा, आता तुम्हीच निस्तरा," मामा म्हणाला.

उभी हयात त्याने दवाखान्यातल्या एक्स-रेच्या अंधाऱ्या खोलीत काढली होती. "श्वास घ्या, रोखा, सोडा," एवढंच बोलायचं. पण पेशंटबरोबर तो स्वतःही श्वास ओढायचा, रोखायचा आणि मगच बटण दाबायचा. त्याची फिल्म कधी हललेली निघाली नाही. मामी म्हणायची, "झोपेतसुद्धा रोखतात मेले. कोपराने ढोसलं की सोडतात."

मी मास्तरकी सुरू केली. "ब्रेथ म्हणजे श्वास. नाम. तो घेता येतो, मोजता येतो. ब्रीद म्हणजे श्वास घेणं. क्रियापद. ते करायचं असतं."

"म्हणजे ब्रेथ हा घास, आणि ब्रीद म्हणजे जेवणं?"

"शाब्बास!"

"आणि घास तोंडातच धरून बसला तर? तेवढा वेळ माणूस कुठल्या खान्यात, नामाच्या की क्रियापदाच्या?"

"उद्या सांगतो," मी म्हणालो, कारण मला येत नव्हतं.

परीक्षेला टेबल रिकामंच होतं. "पेशंट आहे असं समजून बोला," परीक्षक म्हणाले. मी दारातून बघत होतो.

"टेक अ डीप ब्रेथ," मामा झकास म्हणाला. "होल्ड इट." आणि स्वतः श्वास रोखून काचेतून टेबलाकडे बघत राहिला. छाती वर येऊन थांबायची वाट बघत. तिथे छातीच नव्हती. बोट बटणावर, पण दाबेना. चेहरा लालबुंद.

"पुढे? पुढे काय म्हणाल?"

मी ओठ हलवून "ब्रीद, ब्रीद" करत होतो. त्याने मला पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. फोटो निघाल्याशिवाय पेशंटला सोडायचं कसं?

मोठ्या डॉक्टरांच्या पायऱ्या मी नंतर बऱ्याच झिजवल्या. "फाडफाड येतं, असं तुम्हीच म्हणाला होतात ना?" एवढंच ते हसून विचारायचे.

मामा आता स्टोअरमध्ये चादरी मोजून देतो. परवा डबा घेऊन गेलो.

"या मास्तर. ते उद्या सांगणार होतात, घास धरून बसलेल्याचं."

"उद्या नक्की," मी म्हटलं.