वारजे ते खराडी, लाल दिव्यामार्गे

वारज्याहून निघताना मावसभावानं सायकल हातात दिली आणि म्हणाला, "ब्रेक पुढचाच लागतो. ऑल द बेस्ट." खराडीच्या एका कॉल सेंटरात मला इंटरव्ह्यूला बोलावलं होतं. नोकरी लागली नाही, तर परत वऱ्हाडात जाऊन काकाच्या दुकानात पुड्या बांधायच्या, असं घरी ठरलेलं.

आमच्या गावी सिग्नल एकच, तोही दिवसभर पिवळा डोळा मारत उभा. पुण्यात मात्र जरा वेग घेतला की समोर लाल. मी सगळे तोडले. सायकलला ना नंबर, ना लायसन! डेक्कनला अमृततुल्यात (चहाचं दुकान, नाव देवांचं, कप बाहुलीचा) थांबलो, ते फक्त चहासाठी.

येरवड्याच्या अलीकडे ट्रॅफिकच्या मॅडमनी हँडल धरलं.

"लाल दिसला नाही?"

"मॅडम, सायकल आहे ना!"

"ती दिसतेय मला. मी दिव्याचं विचारलं."

"पण पावती कशावर फाडणार? नंबरच नाही." मी लाडात हसलो.

त्याही हसल्या. मग खाली वाकल्या आणि दोन्ही चाकांची हवा सोडली. "झालं. या आता."

सायकल ढकलत पंक्चरवाल्याकडे पोचलो. त्यानं चाकं बघूनच विचारलं, "सिग्नल तोडला का? एक चाक बसलं तर खिळा, दोन्ही बसली तर पोलीस."

हवा भरून निघालो, तर पुन्हा लाल. या वेळी शहाण्यासारखा थांबलो. मागून रिक्षावाला ओरडला, "ए भाऊ, तू कशाला थांबला? सायकल आहे, जा ना!"

ऑफिसात घामाघूम पोचलो. समोरच्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "आपण आज उशिरा आलात, की उद्यासाठी लवकर?"

मग मी सगळं करूनच दाखवलं: मॅडम, पंक्चरवाला, रिक्षावाला, आवाजासकट. बाईंच्या शेजारी बसलेला पोरगा टेबल बडवत हसला. बाई हसल्या नाहीत.

"छान. आता सिग्नल ज्यानं तोडला, त्याचा आवाज काढा."

झाली पंचाईत! गावातल्या सरपंचापासून हेडमास्तरांपर्यंत सगळ्यांची नक्कल येते मला, माझी कधी केलीच नव्हती. शेवटी साधंच बोललो, "घाई होती. आणि वाटलं, सायकलवाल्याला कोण धरतंय."

"फोनवर हाच आवाज ठेवा. सोमवारी या. आणि सिग्नलचा वेळ धरून निघा."

येताना प्रत्येक लालला थांबलो. खरं सांगू, गाडीवाला नुसता अंगठा दाबतो न् सुटतो. आपल्याला दर वेळी शून्यापासून मांड्या झिजवाव्या लागतात. म्हणजे नियम एकच असू द्या, पण सायकलचा हिरवा जरा आधी लावा की! एवढी सवलत मिळाली तर पुण्यावर माझा राग नाही.

वारज्याच्या चढावर आईचा फोन आला. बातमी ऐकून म्हणाली, "आता पहिल्या पगारात गाडी घेजो बाप्पा."

म्हटलं, "कायले व आई? सिग्नलवर थांबा लागते ते दोघायलेही सारखंच."