आधी मेंदी, मग नीळ

चहाचा कप आधी खाली ठेवा. नंतर ठसका लागला तर मला बोल लावायचा नाही!

आम्ही मूळचे भिवपुरीच्या क्वार्टर्समधले. सगळ्यांचे वडील पॉवरहाऊसला. भोंगा झाला की वडील कामावर, भोंगा झाला की आम्ही पोरं घरात. एकेकाचे वडील रिटायर झाले, खोल्या सुटल्या, पोरं पांगली. आणि यंदा, चाळीस वर्षांनी, कुणीतरी मोबाइलवर ग्रुप काढला. ठरलं! रविवारी कर्जतला भेटायचं. आमच्या चौथीच्या बाईसुद्धा येणार!

बाई येणार म्हटल्यावर मी आरशासमोर. डोकं म्हणजे पिंजलेला कापूस. बाजारचा डाय मला सोसत नाही, म्हणून मेंदी आणि निळीच्या पाल्याची पावडर अशी दोन पाकिटं आणली. आधी मेंदी लावायची, धुवायची, मग नीळ. केस काळेभोर. सोपं आहे की नाही? पण दोन्ही पावडरी दिसायला हिरव्याच, आणि चष्मा मी काढून ठेवलेला!

शुक्रवारी सकाळी डोकं धुतलं नि बघते तर काय? शेवाळ! विहिरीच्या कठड्यावर चढतं ना, अगदी तसलं.

अशा वेळी मला एकच माणूस आठवतं, शहनाज. क्वार्टर्समध्ये आमची भिंतीला भिंत. ईद आली की तिची अम्मी आम्हा सगळ्या पोरींना ओटीवर रांगेनं बसवून मेंदी काढायची. माझा हात वाळेपर्यंत कधी स्थिर राहिला नाही, नाक खाजवायचेच मी. दर ईदला माझं नाक लाल! शहनाज आता खोपोलीला असते, नवऱ्या मुलींच्या मेंदीची कामं घेते.

डोक्याचा मागून, अगदी जवळून फोटो काढला. खाली लिहिलं, "रविवारी असंच यायचं का? लवकर सांग!" आणि दिला पाठवून.

शहनाजला नाही हो. ग्रुपवर!

पुसेपर्यंत पनवेलच्या दिलीपचं उत्तर आलंसुद्धा. "वा सुनंदा! झकास आयडिया. सगळ्यांनी हिरवं!"

"साडी सिल्क आहे का गं?" कुणीतरी विचारलं.

"माझा हिरवा कुर्ता आहेच!"

आता सांगणार काय? की बायांनो, ती साडी नाही, माझी कवटी आहे? मी गुपचूप ग्रुपवर अंगठ्याचं चित्र टाकलं.

तेवढ्यात शहनाजचा फोन. "सुनंदे, ती साडी नाय ना गं? तुझं डोकं हाय ना?"

"तू कसं ओळखलंस?"

"मधी तुझा कान दिसतोय! आता कशाला हात लावू नको. मी आले."

खोपोलीहून पुढच्याच गाडीनं आली. मला पाटावर बसवलं, पाठीमागे बसून मेंदी थापायला लागली. "उलटं केलंस तू. आदी मेंदी, मग नीळ. आता लाल चढला की हिरवा मरंल. गप बस."

गप कसली बसते? तिच्या बोटांचा तो दाब! डोळे मिटले नि मी थेट ओटीवर. म्हटलं, "शहनाज, अम्मीचा हात असाच जड होता गं."

तिची बोटं थांबली. मग म्हणाली, "लोक चांगली मेंदी म्हणतात माझी. अम्मीसारखी म्हणणारी तूच एक राहिलीस." मी वळून तिला मिठी मारली. तिच्या खांद्यावर मेंदी, माझ्या नाकावर मेंदी. दोन तास आम्ही हसत होतो, मधेच रडत होतो.

धुतलं. केस छान तपकिरी! शेवाळाचा मागमूस नाही.

रविवारी जाताना मात्र हिरवा रंग मला नजरेसमोरसुद्धा नको होता. साठीची माणसं, कोण कुणाचं ऐकतंय, म्हणून मी खुशाल जांभळी साडी नेसले.

हॉलमध्ये पाऊल ठेवलं आणि सांगते तुम्हाला, भातशेतच! चाळीस माणसं हिरवीगार. दिलीप तर साक्षात पोपट. शहनाजच्या खांद्यावर हिरवी ओढणी. आणि मधोमध खुर्चीत बाई, सुनेची हिरवी साडी मागून नेसलेल्या.

बाईंनी माझा हात धरला, चेहरा निरखला. "सुनंदा ना गं तू? केस काय सुरेख राखलेस!"

मी अशी फुलले म्हणता! शहनाजनं ओढणी तोंडाला लावली.

मग बाईंची नजर खाली साडीवर गेली. "अख्ख्या वर्गाला हिरवं नेसायला लावलंस, आणि स्वतः जांभळी? भिंतीशी उभी राहा बघू."

बाई हसत होत्या हो! पण माझे पाय ऐकतात होय? सगळ्यांचे दोन-दोन समोसे खाऊन होईपर्यंत मी भिंतीशी उभी होते.