बंद घराचा फॉर्म

त्या शनिवारी दुबईत अल कुसैसहून अल बर्शाला जाताना मी मेट्रोतून मधल्याच स्टेशनांवर दोनदा उतरलो आणि पुन्हा चढलो. पिशवीत बाईंच्या पुस्तकाची शेवटची प्रुफं होती. सोमवारी ती पुण्याला प्रकाशकाकडे जायची होती.

बाई म्हणजे माझ्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापिका. गावाकडे आमच्या भागात घरातल्या प्रत्येक माणसाच्या ताटाची वेगळी नोंद घेणारी पहिली पाहणी त्यांची. त्याआधी घरं मोजली जात, घरातली माणसं नाहीत. आता दृष्टी अधू झाल्याने त्या इथे अल बर्शाला मुलीकडे राहतात आणि मी त्यांचे तक्ते तपासून देतो. "तुझ्याइतका काटेकोर मला कोणी भेटला नाही," असं त्या म्हणाल्या की मला खुर्चीत धड बसवत नाही.

कारण सातव्या प्रकरणातलं ते घर. सहा माणसं. पाच जणांचं पोटभर, आईच्या वाट्याला दिवसाला दीड भाकरी. सरासरीत ही आई दिसत नाही, हा बाईंचा सगळा मुद्दा त्या घरावर उभा आहे. तीस वर्षांपूर्वी बाईंचा विद्यार्थी म्हणून त्या पाहणीतला तो फॉर्म मी भरला होता. यादीतल्या त्या घरी तीनदा गेलो, तीनदा कुलूप. चौथ्यांदा जायचा नियम होता. मी एसटी स्टँडवर बसून आमच्या घरचे आकडे लिहिले.

"बाई, सातव्या प्रकरणातलं घर आमचं आहे," प्रुफं त्यांच्या टेबलावर ठेवून मी एकदाचं बोललो. "ती माझी आई."

"भाकऱ्या खऱ्या?"

"खऱ्या. मी मोजायचो."

"आणि यादीतलं घर?"

"बंद होतं. चौथ्यांदा गेलो नाही."

बाईंनी खुर्ची जोरात मागे सरकवली. आतून नातीने विचारलं, "आजी, आर यू ओके?"

"ओके. इथे एक जण तीस वर्षं उशिरा आलाय." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "खोड ते."

"बाई, आकडे तर खरे आहेत."

"असतील. तुझी आई आपल्या यादीत नव्हती. खोड, आणि का खोडलं ते तळटीपेत लिही. फॉर्म मी पडताळला नाही, हेही."

पट्टी लावून मी अख्ख्या परिच्छेदावर रेघ मारली. तळटीप तीनदा लिहिली. तिसरी वाचून दाखवताना बाईंनी थांबवलं.

"'आईचं घर' काढ. 'यादीबाहेरचं घर' लिही."

मी लिहिलं.