सुहासने आधीच उघडून ठेवलेलं पान

सुहास गेल्याचा फोन आला तेव्हा मी संगमनेरच्या आमच्या ऑफिसात त्याची दिवसभराची कामं लावत होते. "ताई, ते उठलेच नाहीत..." त्याची बायको एवढंच बोलली. मी पेनाला टोपण लावलं, शटर ओढलं आणि निघाले. आता काही आठवड्यांनी लिहायला बसले, तर सगळ्यात आधी आठवते ती पुणतांब्यातली एक दुपार.

सुहास माझा मावसभाऊ. ॲप तो बनवायचा, बाकी सगळं मी बघायचे. पुणतांब्याच्या एका डेअरीच्या ॲपमध्ये, आज जनावरांचा कोणता डॉक्टर ड्यूटीवर आहे ते सांगणारं पान होतं. ते डॉक्टरांच्या वेबसाइटवरून यायचं आणि ॲपच्या आत उघडायचं. नदीकाठच्या गोठ्यांत इंटरनेट जेमतेम, त्यामुळे पांढरा पडदा आणि फिरणारं चाक. लोक वैतागले. मग सुहासने युक्ती काढली. सकाळी दूध घालताना सगळे डेअरीत मोबाईलवर कोड स्कॅन करतात, तिथे वायफाय असतं. तेवढ्यात ॲपने मागच्या मागे ते पान आणून ठेवायचं. गोठ्यात बोट लावलं की पान हजर. "पाहुणा दारात यायच्या आधीच चहा टाकायचा, ताई," तो म्हणायचा.

हेच बघायला आम्ही पारूबाईंच्या गोठ्यात गेलो, तर त्यांची गाय अडलेली. वासराचे पाय दिसत होते, पुढे काही सरकेना. घरात दुभती गाय ती एकच. पारूबाईंनी ॲप उघडलं. पान लगेच समोर! सुहास माझ्याकडे बघून हसला... फोन लागला. डॉक्टर म्हणाले, "माझी ड्यूटी काल होती. मी आज बेलापुरात आहे. आज कोण आहे ते पानावर बघा ना!"

सुहासचा चेहरा उतरला. सकाळी डेअरीत वीज नव्हती, वायफाय बंद होतं. ॲपने जवळ होतं ते कालचंच पान दाखवलं होतं. डेअरीला दुपारचं कुलूप. ताजं पान आणायला गेला, तर चाक फिरतच राहिलं. मोबाईल उंच धरून तो पाण्याच्या टाकीच्या शिडीवर चढला. इकडे गाय हंबरायची थांबली होती, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटत होती.

"दिसतंय का रे?"

"अजून नाही!"

शेवटी त्या दिवशीच्या डॉक्टरांचा नंबर मिळाला. डॉक्टर आले, त्यांनी वासरू ओढून काढलं. गाय वाचली. वासरू गेलं. त्याच्यावर गोणपाट टाकत पारूबाई म्हणाल्या, "भाऊ, तुमचं पान लई चपळ हाय. पन कालचं हाय."

परतल्यावर सुहास थेट कामाला बसला. पान जुनं असलं की वर दिसेल अशी लाल पट्टी त्याने आणली: 'हे पान कालचं आहे. आधी सचिवांना फोन करा.' खाली डेअरीच्या सचिवांच्या नंबरचं बटण; आज कोणता डॉक्टर आहे ते त्यांना ठाऊक असायचं. डेअरीचे चेअरमन भडकले, "असं लाल अक्षरात? अहो, ॲपची अब्रू जाईल!"

"ॲपची जाऊ द्या," सुहास म्हणाला. "जनावर जायला नको."

परवा मी कामासाठी पुणतांब्याला गेले होते. पारूबाईंची तीच गाय तापाने फणफणलेली, चाऱ्याला तोंड लावत नव्हती. त्यांनी पान उघडलं. मला धीर धरवेना. "अहो, लावा ना डॉक्टरांना फोन!"

त्यांनी हात वर करून मला गप्प केलं आणि मोबाईल डोळ्यांजवळ नेला. पडद्यावर लाल पट्टी होती.

"थांबा ताई. भाऊ काय म्हनतोय ते आदी वाचू द्या."