ओला गाल

महाराजांच्या राज्यात, कोल्हापुरात नळ घरोघरी नव्हते तेव्हा, आमचे अब्बा लोकांच्या घरी पाणी भरायचे. बकऱ्याच्या कातड्याची मशक खांद्यावर मारायची आणि गल्लीबोळ पालथे घालायचे. उन्हाळ्यात एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर वाळ्याचे पडदे भिजवायचं कामही त्यांच्याकडे असे. ओल्या वाळ्यातून आत येणारा वारा गार लागतो, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. आमच्या घरी कुठला वाळा न् कुठला गार वारा!

मशक गळायला लागली की गळती शोधायची त्यांची रीत न्यारी होती. पाणी ओतून टाकायचं, तोंडाने हवा भरायची, गळा आवळून बांधायचा. मग स्वतःचा गाल ओला करून मशक त्याच्यापुढून हळूहळू फिरवायची. जिथं गालाला गार लागेल तिथं भोक. त्यात बाभळीचा काटा टोचायचा आणि भोवती मेण लावलेला दोरा आवळायचा. "डोळा फसतोय, गाल न्हाय फसत," असं म्हणायचे.

माझी धाकटी बहीण गारगोटीला दिली होती. ऐन उन्हाळ्यात ती तापाने अंथरुणाला खिळली. सासरच्यांनी आठवडा ताईत-गंड्यात घालवला आणि वरातीमागून घोडं यावं तसा आम्हाला निरोप धाडला. आता बोलून काय उपयोग, असं सगळे म्हणतात. मी बोलणारच.

अब्बांनी शेजारच्या व्यापाऱ्याची टपाची बैलगाडी मागून घेतली. बंगल्यावर टाकून दिलेला वाळ्याचा एक पडदा उचलला. आम्ही गारगोटीला पोचलो तेव्हा तिला ओळखणं कठीण झालं होतं. ऊन उतरेपर्यंत थांबायची सोय नव्हती. कोल्हापूरचा दवाखाना गाठायचा होता, जिवंत गाठायचा होता.

उन्हाच्या बाजूला पडदा बांधला. वर मशक टांगली आणि तिचं तोंड जरासं सैल ठेवलं, म्हणजे थेंब थेंब पाणी पडद्यावर पडत राहील. आत खरंच गार झालं. बहिणीने डोळे उघडले.

"आपा, सायबाच्या बंगल्यात आलो की गं आपण."

मी हसले. वाटलं, जिंकलो.

निम्म्या वाटेत पडदा कोरडा पडला. आत भट्टी झाली. मागं वळून बघितलं तर रस्त्याच्या धुळीत ओल्या ठिपक्यांची ओळ. मशकीची शिवण उसवून पाणी भलतीकडेच सांडत होतं. अब्बांनी एका विहिरीपाशी गाडी थांबवली, मशकीत हवा भरली, गाल ओला केला आणि सावकाश गळती शोधायला लागले. इकडे ती धापा टाकत होती.

"अब्बा, आवरा की!" मी ओरडले.

"घाई केली तर परत गळंल."

काटा टोचला, दोरा आवळला, मशक भरून पुन्हा टांगली. एक थेंब भलतीकडे जाईना. "बघ, झालं की," अब्बा म्हणाले, आणि त्या तसल्या वेळीही त्यांना बरं वाटलेलं मला दिसलं.

कळंब्याचं तळं दिसलं तेव्हा पडदा ओलाचिंब होता. आत छान गार होतं. "आलं गं कोल्हापूर," मी म्हटलं. ती बोलेना. मी अब्बांना हाक मारली.

ते गाडीत चढले. त्यांनी मशकीच्या थेंबाखाली हात धरला, गाल ओला केला आणि तिच्या नाकापाशी नेला. बराच वेळ तसेच राहिले. मग दुसरा गाल ओला केला.

"अब्बा?"

"लागत न्हाय गं," ते म्हणाले. "काय बी लागत न्हाय."

त्यानंतर त्यांनी मशक कधी गालापाशी धरली नाही. गळती शोधायचं काम माझ्याकडे आलं. मी हवा भरायची, गाल ओला करायची, आणि त्या मेल्या बकऱ्याच्या कातड्यातून गार श्वास गालावर यायचा. मला त्याचा संताप यायचा. मी लगेच काटा टोचून टाकायची.